अकराच्या डुलकीवर उकडपेंडी

माझा फोटो कोणी काढला याचा शोध मी लावणारच होतो, पण त्याआधी मला नाश्ता बदलावा लागला. तसा प्राचार्य मॅडमचा हुकूमच होता.

दिग्रसच्या एका ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात मी हेडक्लार्क आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगितलं तर त्याचा कोण काय उपयोग करील याचा नेम नाही. फोटो आला तो कॉलेजच्या स्टाफ ग्रुपवर. त्यात माझी खिडकी आहे, माझी खुर्ची आहे, टेबलावर फायली, शिक्का, पाण्याची बाटली, जेवणाचा डबा, सगळं जिथल्या तिथं आहे आणि मागच्या घड्याळात अकरा वाजून गेलेले आहेत. फक्त मी जागेवर नाही. म्हणजे देह आहे, पण मान डाव्या खांद्यावर पडलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि तोंड उघडं. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'आमचे कार्यालय विद्यार्थ्यांच्या सेवेत सदैव तत्पर.' त्यावर अर्ध्या स्टाफनं हसरे चेहरे टाकले. उरलेल्या अर्ध्यानं टाकले नाहीत, म्हणून मला त्यांचा जास्त संशय आला.

अकराच्या सुमाराला माझी मान पडते हे मी नाकारत नाही. पण डुलकी आणि झोप यांत फरक आहे. डुलकीत माणसाचे कान चालू असतात. फोटोतही माझे कान अगदी व्यवस्थित दिसतात, पण त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मारोतराव, सकाळी काय खाऊन येता हो तुम्ही?"

"पोहे. तर्री घालून."

"किती?"

नाश्ता किती खाल्ला हे कोणी बाईमाणसानं ऑफिसात विचारावं, असे दिवस आले. मी म्हटलं, "पोटभर."

"मग उद्यापासून दुसरं काहीतरी खा. दुपारपर्यंत डोळे उघडे राहतील असं. सोमवारी संस्थेचे सचिव तपासणीला येऊन राहिलेत आणि हा फोटो त्यांच्यापर्यंत गेलाय. त्यांच्यासमोर मान पडली तर तुमची नेरची ऑर्डर निघते. माझ्या हातात काही राहणार नाही."

नेरच्या पुढं एका आडगावात आमच्या संस्थेची शाखा आहे. तिथं जायचं म्हणजे अंधारात उठून पहिली गाडी पकडायची, दारव्ह्याला दुसरी गाठायची, नेरला उतरून जीप भरायची वाट पाहायची, आणि संध्याकाळी हेच सगळं उलटं करायचं. पण त्रासाचं एवढं नाही. खरं दुःख खिडकीचं. माझ्या खिडकीतून कॉलेजचं फाटक दिसतं, सायकल स्टँड दिसतो, प्रयोगशाळेच्या मागचा कोपरा दिसतो, मॅडमची गाडी केव्हा आली ते दिसतं, चपराशी तंबाखू-सुपारीचा खर्रा खायला केव्हा गेला ते दिसतं. या खिडकीत बसून मी केस पांढरे केले. ती गेली तर जगात काय चाललंय हे मला कळणार कसं?

आणि ती खिडकी कोणाला मिळणार, हा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हा उत्तर समोरच बसलेलं होतं. संघदीप. आमचा ज्युनियर क्लार्क. त्याचं टेबल भिंतीकडे तोंड करून आहे. पोरगा नम्र, मला 'काका' म्हणतो, उठून पाणी आणून देतो. इतका नम्र माणूस कारणाशिवाय नसतो. मी मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला. काढणाऱ्याची सावली, खिडकीच्या काचेतलं प्रतिबिंब, कोपऱ्यात आलेलं बोट, काही सापडतं का ते तपासलं. काही नाही. काढणारा पक्का होता.

घरी आल्यावर मी ही सगळी हकीकत कोकिळाला सांगितली. कोकिळा म्हणजे माझी बायको. ती भाजी निवडत होती, ती थांबली.

"आवो, त्या फोटोचं मी काय म्हणते..."

"तू यात पडू नको," मी म्हटलं. "हे ऑफिसचं राजकारण आहे."

"पन तुमी त्या दिवशी डबा घरीच इसरून गेलते नं, तवा..."

हे बघा. विषय काय आणि ही काय बोलते. शिवाय ते खरंही नाही. त्या दिवशी दुपारी डबा टेबलावरच होता आणि त्यातली भेंडी मी स्वतः खाल्ली, तेव्हा मी डबा विसरलो हे तिचं म्हणणं पुराव्यावर टिकत नाही. मी तिला तसं सांगितलं. ती पुन्हा भाजी निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला कारणे दाखवा नोटीस दिली. 'कार्यालयीन वेळेत निद्रिस्त आढळल्याबाबत.' सोबत सरकारी डॉक्टरचा दाखला जोडायचा होता. मी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी नोटीस दोनदा वाचली.

"दाखला कशाचा पाहिजे?"

"मी जागा राहू शकतो, असा."

"असा दाखला नसतो. आजारी असल्याचा असतो, अपंगत्वाचा असतो, वयाचा असतो. जागेपणाचा नमुनाच नाही."

"मग मी झोपत नाही, असा द्या."

"तो पण नाही. शुगर तपासून देतो. उद्या उपाशीपोटी या."

उपाशीपोटी गेलो. रांग ही गोष्ट माझ्या स्वभावाला मानवत नाही, कारण रांगेत प्रत्येकाच्या मनात घुसायचा विचार असतो. मी सकाळभर उभा राहून पुढच्या सगळ्यांवर नजर ठेवली, मध्ये शिरणाऱ्या एकाला बाहेर काढलं, चिठ्ठी देणाऱ्या बाईंना त्यांची चूक दाखवली. अकरा वाजून गेले तेव्हाही मी टक्क जागा होतो. याचं मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही. मग नाश्ता करून पुन्हा रक्त द्यायचं होतं. समोरच्या टपरीवर आलुबोंडा-रस्सा खाल्ला, बाकावर येऊन बसलो, आणि माझं नाव पुकारलं गेलं ते मला ऐकू आलं नाही. कान चालू असतात हे खरं, पण दवाखान्यात फार गोंगाट असतो.

शुगर ठीक निघाली. डॉक्टर म्हणाले, "सकाळी पोह्यांचा ढीग, वर शेव, वर गोड चहा, यानं अंगात एकदम भरतं आणि एकदम उतरतं. ज्वारी खा, डाळ खा, मोड आलेले मूग खा. ते हळूहळू पचतं, दुपारपर्यंत पुरतं." मग त्यांनी मान तिरपी केली. "रात्री झोप लागते ना नीट?"

"जबाबदार माणसाला लागायला पाहिजे तेवढी लागते," मी म्हटलं. रात्री गॅसचं बटन बंद आहे का ते मी उठून पाहतो. मग कडी पाहतो. कडी पाहिली की पाण्याची मोटर आठवते, आणि मोटर पाहून आलो की गॅस खरंच पाहिला होता की पाहिल्यासारखं वाटलं होतं, असा प्रश्न उभा राहतो. घर म्हटलं की एवढं आलंच. डॉक्टर काहीतरी बोलणार होते, पण गोळ्या लिहून देतील या संशयानं मी उठलो.

आता नाश्ता निवडायचा. आमच्या गल्लीत कोणाला काही झालं की ते त्याला कळायच्या आधी गल्लीला कळतं. शेजारचे सदाशिवराव कुंपणाशी आले. ते एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, गळ्यात तुळशीची माळ.

"मारोतराव, पोहे म्हंजे शेवटी तांदूयच. तांदूय खाल्ला का मानूस वाकलाच. म्या जिंदगीभर यवतमाय-पुसद गाडी चालोली. ड्यूटीच्या आंधी जवारीची उकडपेंडी खाल्ली का स्टेरिंगवर डोया लागत नाई. मी धाडतो घरून, तुमी खाऊन तं पाहा."

उकडपेंडी मला माहीत नाही असं नाही. ज्वारीचं पीठ तेलावर खमंग भाजायचं, कांदा-मिरचीची फोडणी, वरून पाण्याचा हबका आणि झाकण ठेवून वाफ. पण सदाशिवरावांनी ती मला का धाडावी? आमच्या कढीपत्त्याची एक फांदी त्यांच्या आवारात झुकली आहे, त्यावरून आमचं वर्षभर ताणलेलं आहे. ताणलेल्या घरून गरमागरम नाश्ता येतो तेव्हा शहाण्यानं आधी वरचा रुमाल उचलून पाहावं. त्यांची ताटली आली तेव्हा मी पाहिलं. उकडपेंडीत कढीपत्ता होता आणि तो आमच्याच झाडाचा होता. पानं मी ओळखली.

तेवढ्यात समोरच्या सत्यशीलाबाई आल्या. त्या निवृत्त नर्स. आवाज अजून वॉर्डातलाच आहे. त्यांनी मला न विचारता माझं मनगट धरून नाडी पाहिली.

"मारोतभाऊ, झोप येते काहून म्हंता? सकायी सकायी गोड अन् तेलकट. दोन उकडलेले अंडे खा, वाटीभर मोडाचे मूग खा. बारा वाजेलोग पोट बोंबलत नाई. घ्या, आनलेच हायेत म्या."

त्यांच्याही ताटलीवर रुमाल झाकलेला होता. रुमाल झाकायची गरज काय, हे मी विचारलं नाही. पण मनात ठेवलं.

आता आमच्याकडची पद्धत तुम्हाला माहीत असेल. कोणाच्या घरून ताटली आली तर ती रिकामी परत जात नाही. त्यात काहीतरी घालूनच पाठवायची. कोकिळा नळावर गेली होती. दोन्ही ताटल्या ओट्यावर, दोन्ही भरलेल्या, आणि त्यातलं काही पोटात जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती. मी माझ्या मते फार हुशारीचं काम केलं. अंडी आणि मूग सदाशिवरावांच्या ताटलीत काढले, उकडपेंडी सत्यशीलाबाईंच्या ताटलीत घातली, वर रुमाल टाकले आणि दोन्ही ताटल्या स्वतः नेऊन पोचवल्या. ताटल्या रिकाम्या गेल्या नाहीत, पोटात काही गेलं नाही, आणि कोणाचा काही डाव असेल तर तो त्यांचा त्यांना परत. घरी येऊन मी पोहे खाल्ले.

डाव असता तर तो उघडकीला आला असता, पण उघडकीला आला तो मी. सदाशिवराव माळकरी. त्यांच्या घरात कांदासुद्धा एकादशीला बाहेर काढून ठेवतात. त्यांच्या देवघरासमोर रुमालाखालून दोन उकडलेली अंडी निघाली. आणि अगदी त्याच वेळी सत्यशीलाबाई आपल्या दारातून वॉर्डातल्या आवाजात कोकिळाला म्हणत होत्या, "कोकिळावैनी, उकडपेंडी लय मस्त झालती वो! हात लागला पायजे तं असा!" हे सदाशिवरावांनी ऐकलं. त्यांना आपली उकडपेंडी आवाजावरून कळली असावी.

सगळी गल्ली माझ्या दारात जमली. सदाशिवरावांनी अंड्यांची ताटली हात लांब करून धरली होती.

"मारोतराव, म्या तुमाले बरं व्हाव म्हून उकडपेंडी धाडली, अन् तुमी माह्या घरात अंडे धाडता?"

"अन् मी सकायी उठून अंडे उकडले थे का यायच्या देवापुढं ठेव्याले?" सत्यशीलाबाई म्हणाल्या.

गंमत म्हणजे ते दोघं एका बाजूला उभे होते आणि मी दुसऱ्या. सत्यशीलाबाईंनी सदाशिवरावांची नाडी पाहिली, त्यांना बसवून पाणी दिलं, आणि जाताना दोघांनी माझ्याकडे एकाच वेळी पाहिलं. कोकिळानं जाऊन दोन्ही घरी माफी मागितली आणि कढीपत्त्याची ती फांदी स्वतःच्या हातानं छाटून टाकली. वर्षभराची फांदी. तोही एक डाव असावा असं मला वाटून गेलं, पण तो कोणाचा ते ठरवता आलं नाही.

रविवारी कोकिळानं स्वतः उकडपेंडी केली. मी स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसलो.

"इथं काहून बसले?"

"सहज."

"तुमी माह्यावर डोये ठेवून राह्यले का?"

"डोळे नाही. आपण काय खातो हे माणसाला माहीत पाहिजे."

तिनं पीठ भाजायला घेतलं. मी तेलाची बाटली उघडून वास घेतला. ज्वारीचं पीठ चिमटीत घेऊन उजेडात धरलं. ती मीठ टाकत होती तेव्हा मी म्हटलं, "हे मीठच आहे ना?" मग तिनं झारा कढईत टाकला, पदराला हात पुसले आणि बाहेर जाऊन बसली.

"आता तुमीच करा. म्या काही घातलं तं तुमाले झोप येईन."

मी केली. पीठ भाजताना ते केव्हा लाल होतं आणि केव्हा काळं, यात अंतर फार कमी असतं हे मला त्या दिवशी समजलं. धूर इतका झाला की सत्यशीलाबाई 'काय जयून राह्यलं वो' म्हणत दारात आल्या, सदाशिवराव कुंपणापर्यंत आले, माझ्याकडे पाहिलं, अंडी आठवली आणि परत गेले. काळी उकडपेंडी मी सगळ्यांच्या देखत खाल्ली. चवीचं काही सांगत नाही.

सोमवार उजाडला. कोकिळानं डबा भरून ठेवला होता, पण आदल्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. न बोलणाऱ्या माणसाच्या हातचा डबा घेऊन जायचा का, या विचारात मी इतका वेळ घालवला की डबा तिथंच राहिला आणि मी उपाशी ऑफिसात पोचलो. तेवढ्या घाईतही गॅस बंद आहे का ते पाहून निघालो होतो, हे सांगायला हवं.

सचिव साहेब आले. तपासणी म्हटली की आधी नाश्ता, ही पद्धत आमच्या भागात तपासणीपेक्षा जुनी असावी. टेबलावर तर्री-पोहे आले, आलुबोंडे आले, जिलबी आली. संघदीप ताटल्या वाटत होता. त्यानं माझ्यासमोर ताटली ठेवली ती इतरांच्यापेक्षा भरलेली होती. दोन आलुबोंडे, पोह्यांचा डोंगर आणि वर तर्रीचा लाल तवंग.

"घ्या काका," तो हळूच म्हणाला, "तुमच्यासाठी तर्री जास्त टाकून आणली."

मी त्याच्या डोळ्यात पाहिलं. आज. या दिवशी. मला. जास्त. एकदम सगळं उघड झालं. या ताटलीवर माझी खिडकी जाणार होती.

मी उठलो, ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि साहेबांसमोर ठेवली. "साहेब, आपण घ्या. मी घरून खाऊन आलो."

साहेब म्हणाले, "अहो, माझ्यासमोर ताटली आहे की."

आमच्याकडे पाहुणा नाही म्हणाला की ती हो म्हणायची सुरुवात समजतात. मी आग्रह केला. मॅडमनी आग्रह केला. साहेबांनी ती ताटली संपवली तोवर मी दुसरी पुढं केली. साहेब एकटे खातात म्हणून मॅडमनी साथ दिली, मॅडमची साथ म्हणून संघदीपनं दिली, सगळ्यांची साथ म्हणून चपराश्यानं जिलबीचा कागद साफ केला. मी नुसता आग्रह करत राहिलो. पोटात कावळे ओरडत होते, पण डोकं इतकं स्वच्छ आयुष्यात कधी चाललं नव्हतं.

मग साहेबांनी फायली मागवल्या आणि अकरा वाजले.

आधी साहेबांच्या हातातलं पेन आडवं झालं. मग साहेबांची मान छातीवर आली. मॅडम ताठ बसल्या होत्या, पण त्यांच्या पापण्या एकदा मिटल्या त्या उघडल्याच नाहीत. चपराशी दाराला टेकून उभ्या उभ्या घोरत होता. आणि संघदीप, माझा संशयित क्रमांक एक, भिंतीकडे तोंड करून, टेबलावर हाताची उशी करून गाढ झोपला होता. सगळ्या ऑफिसात पंखा आणि मी, एवढे दोघेच चालू होतो.

मला काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. इतके दिवस ज्या लोकांनी माझ्या उघड्या तोंडावर हसरे चेहरे टाकले, ते सगळे तोंडं उघडी टाकून माझ्यासमोर पडले होते. मी मोबाइल काढला. कॅमेरा साहेबांवर धरला. चष्मा घसरलेला, हनुवटी छातीवर, जाकिटावर जिलबीचा पाक. एवढा चांगला फोटो आमच्या कॉलेजात कोणी काढला नसता.

साहेबांनी डोळे उघडले.

"काय करून राहिलेत?"

"वेळ पाहून राहिलो, साहेब."

साहेबांनी चष्मा सारखा केला. मॅडमकडे पाहिलं, संघदीपकडे पाहिलं, दाराशी चपराश्याकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"तुम्ही एकटेच जागे?"

"हो साहेब."

"फोटोतले तुम्हीच ना?"

"फोटो चुकीच्या कोनातून काढलेला आहे, साहेब."

साहेबांनी जाकिटावरचा पाक रुमालानं पुसला. आपण झोपलो होतो हे ज्यानं पाहिलं, त्या माणसाचं काय करावं याचा ते विचार करत असावेत. मी त्यांच्या जागी असतो तर तोच केला असता. मॅडम एव्हाना जाग्या होऊन फाईल उलटी धरून वाचत होत्या.

"मॅडम," साहेब म्हणाले, "नेरच्या पुढच्या शाखेत सगळाच स्टाफ झोपा काढतो. तिथं असाच जागरूक माणूस पाहिजे. यांना आजच तिकडची ऑर्डर द्या. उद्यापासून."

मी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. मॅडमनी ऑर्डर टाइप करायला संघदीपलाच सांगितलं, आणि त्यानं ती माझ्या हातात दिली तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"काका, खरं सांगतो, मले तुमची खिडकी नोको होती," तो म्हणाला. "तिथं बसून दिवसभर सगळ्याइवर नजर ठेवा लागते. मले थे जमनार नाई."

मी त्याचा चेहरा नीट तपासला. त्यात काही सापडलं नाही. मग मी विचारलं, "मग तर्री काहून जास्त टाकली?"

"तुमाले आवडते म्हून."

संध्याकाळी घरी गेलो. कोकिळा पोळ्या लाटत होती. मी ऑर्डर ओट्यावर ठेवली. तिनं हात पुसून ती वाचली आणि जमिनीवर बसली.

"तो फोटो म्या काढला होता," ती म्हणाली.

मला वाटलं, पंख्याच्या आवाजात काहीतरी चुकीचं ऐकू आलं.

"त्या दिवशी तुमी डबा इसरून गेलते. म्या कालेजात आनून टेबलावर ठेवला. ऑफिसात कोनीच नव्हतं अन् तुमी झोपून राह्यलते. उठवनार होती. पन मंग उठवलंच नाई."

"काहून?"

"घरी तुमी असे झोपत नाई. रातभर गॅस पाहा, कडी पाहा, मोटर पाहा. लगन होऊन एवढे वर्स झाले, तुमाले असं निवांत म्या पाह्यलंच नव्हतं. चांगले दिसून राह्यलते. म्हून काढला. आर्णीले माह्या भावाले, पिंटूले धाडला फक्त, का पाह्य, भाऊजी कसे झोपले. त्यानं कुठं कुठं धाडला मले का मालूम? तुमाले सांगाले तं म्या पह्यल्याच दिवशी आलती. तुमी म्हने यात पडू नको."

"तोंड उघडं होतं," मी म्हटलं.

"असू द्या. मानूस झोपला का तोंड उघडंच राह्यते."

मी मोबाइल काढून फोटो पुन्हा मोठा केला. सावल्या पाहिल्या होत्या, काच पाहिली होती, कोपरे पाहिले होते. फायली आणि शिक्क्याच्या मधे डबा होता, तिच्या चौकडीच्या रुमालात बांधलेला, गाठ अजून न सोडलेली. इतके दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी त्याच्यावरून नजर फिरवून पुढं जात होतो. मला राग यायला हवा होता. मी थोडा वेळ त्याची वाट पाहिली. तो आला नाही; आलं ते डोळ्यात पाणी, आणि धुराचं निमित्त करावं तर गॅस तिनं केव्हाच बंद केला होता.

मी जेवायला बसलो. सकाळचा डबाही उघडून खाल्ला. त्यात ज्वारीची उकडपेंडी होती आणि वर लिंबाची फोड. मीठ बरोबर होतं.

"आता नेरले जाच लागीन का?" कोकिळानं विचारलं.

"पहिल्या गाडीनं."

"पोटाले काय देऊ?"

"तुला वाटेल ते दे."

तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. तिच्या डोळ्यात मी तो पहिल्यांदाच पाहिला. झोपताना ती म्हणाली, "गॅस पाह्यला?"

"तू पाहिला असशील."

"कडी?"

"लावली असशील."

ती काही वेळ वाट पाहत बसली होती, मी उठतो का म्हणून. तेवढं मला आठवतं.

सकाळी जाग आली तेव्हा ऊन अंथरुणावर आलं होतं आणि नेरला जायची पहिली गाडी केव्हाच निघून गेली होती. मला उठवावं की नाही अशा विचारात कोकिळा दारात उभी होती. तिच्या एका हातात उकडपेंडीची ताटली होती आणि दुसऱ्या हातात मोबाइल.